साकवावरचा गणपती: गावात राहून विनोदी फिल्म करायला कसं शिकायचं

आमच्याकडे कुडाळ-मालवण पट्ट्यात आणि तिकडे रत्नागिरी-चिपळूणकडेही मोबाईलवर शॉर्टफिल्म करणारी पोरं आता वाडीवाडीत झालीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कॉमेडीच करायची असते. मला विचारतात, दादा पंच कसा काढायचा, डायलॉग कसा लिहायचा, हसतील कशावर. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. मोठं होणार आहे, चहा घेऊनच बसा.

पहिली गोष्ट, बाकीचं सगळं हिच्यातूनच निघतं. सीनमधल्या माणसाला आपलं जे चाललंय ते हसण्यासारखं आहे हे माहीतच नसतं. त्याला काहीतरी मनापासून हवंय, ते मिळत नाहीये, आणि का मिळत नाहीये हे आपल्याला त्याच्या आधी दिसतंय. लिखाण, नट, कॅमेरा, आवाज, एडिट, सगळं त्या माणसाचा खरेपणा सांभाळायला असतं. तो खरेपणा कुठेही सुटला की हशा पण सुटला.

हे मला कळलं ते माझ्या पहिल्या फिल्मच्या वेळी. बारा मिनिटांची होती, त्यात दारू प्यायलेला नवरा, भांडखोर बायको, तोंडं वाकडी करणारा पोस्टमन आणि प्रत्येक वाक्यानंतर एक टुंई करून आवाज टाकलेला. देवळात सत्यनारायणाच्या पूजेला चादर बांधून दाखवली, साठ-सत्तर माणसं बसलेली. जिथे जिथे आम्ही हशा धरला होता तिथे तिथे चिडीचूप. पण एका जागी सगळा मंडप हलला. नवरा-बायकोच्या भांडणाचा सीन होता, आणि मागे पडवीत एक आजी सुपात तांदूळ पाखडत बसली होती, तिला शूटिंग चाललंय हे सांगायचंच राहून गेलेलं. पुढे हे दोघे गळा फाडून भांडतायत, आणि ती सूप बाजूला ठेवते, गुडघ्यावर हात टेकून उठते, आत जाते आणि पाण्याचा तांब्या आणून त्या दोघांच्या मधे ठेवते आणि परत जाऊन पाखडायला बसते. तिला खरंच वाटलं होतं भांडून घसा सुकला असेल यांचा. अख्ख्या फिल्ममध्ये खरं वागलेलं माणूस ती एकटी, आणि लोक हसले ते तिच्यावर, तेही किती मायेने हसले. त्यानंतर मी फिल्म करायची पद्धतच बदलली.

आधी बघायला शिका

मी एका शहरात जाऊन पैसे भरून वर्कशॉप केलेला, दोन दिवस फक्त पंचलाइन, पंचलाइन. त्यापेक्षा जास्त मला गावच्या जत्रेने शिकवलं. आपल्याकडे दशावतार आहे ही केवढी मोठी गोष्ट आहे हे आपल्यालाच कळत नाही. रात्री उशिरा नाटक उभं राहतं, पहाटेपर्यंत चालतं, आणि संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली असते आणि बोलणं नट तिथल्या तिथे उभं करतात. सुरुवातीला संकासुर येतो, काळ्या कपड्यातला, वेद चोरलेले, आणि देवाच्या गोष्टीत एकदम गावची मालवणी सुरू होते.

पुढच्या वेळी संकासुर आला की त्याच्याकडे बघू नका, मृदुंगवाल्याकडे बघा. संकासुर बोलत असताना त्याची नजर नटाच्या तोंडावर असते आणि हात चामड्याच्या वर वीतभर थांबलेला असतो. वाक्य पूर्ण झालं, शेवटचा शब्द लोकांच्या कानात पोचला, मग थाप पडते. आधी पडली तर शब्द मेला, उशिरा पडली तर हशा विझला. एडिट करताना मी आजही तोच हात डोळ्यासमोर आणतो, एक शॉट तोडून दुसरा लावतो तो कट म्हणजे ती थाप. आणि दुसरं बघा, हशा चालू असेपर्यंत जाणता नट पुढचं वाक्य टाकत नाही, तो अंगावरचा पंचा झाडतो, दोन पावलं चालतो, माणसं थांबली की मग बोलतो. फिल्मची सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे, फिल्मला समोर बसलेली माणसं ऐकू येत नाहीत. एकदा बनली की ती आपल्या वेगाने जात राहते, त्यामुळे पंचा झाडायची जागा तुम्हाला आधीच अंदाजाने ठेवावी लागते. ती कशी ठेवायची ते खाली एडिटच्या ठिकाणी सांगतो.

भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, पण अशीच बघा. एक बुवा गजरात दुसऱ्याला टोला हाणतो तेव्हा सगळे मोबाईल गाणाऱ्या बुवाकडे असतात. तुम्ही कॅमेरा टोला खाणाऱ्याकडे धरा. तो पान चघळत खाली बघत असतो, हसू दाबत असतो, टाळकऱ्याच्या कानात काहीतरी सांगत असतो, उत्तर मनात जुळवत असतो. बोलण्यावर जेवढं हसू येतं त्याच्या दुप्पट ते ऐकणाऱ्याच्या तोंडावर येतं. फिल्ममध्ये याला रिॲक्शन शॉट म्हणतात आणि नवीन पोरं शूट करायला विसरतात तो हाच शॉट.

आणि बोलीबद्दल एकदा बोलायलाच हवं, मला याचा मनापासून त्रास होतो. कोणीतरी मालवणी बोलतोय म्हणून हसायचं, हा विनोद नव्हे. कोकणातला माणूस म्हणजे गडी, नाहीतर बेवडा, नाहीतर भुताला भिणारा, असं दाखवणं खूप झालं. १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' उभं केलं आणि पुढे ५००० च्या वर प्रयोग झाले, ज्यांना मालवणीचा गंध नाही अशी माणसं पण हसून लोटपोट झाली, ती काय 'माका-तुका' ऐकून? गावातली माणसं जीव तोडून महाभारताचं नाटक उभं करायला बघतायत आणि ते उभं राहत नाहीये, यावर हसली. तिथे कोणीही हसवायला उभं नाहीये, सगळे नाटक वाचवायला उभे आहेत. बोली असू दे, भरपूर असू दे, पण ती त्या माणसाची रोजची भाषा म्हणून असू दे.

पहिला अभ्यास: शिंपण्याचा पाइप

२८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जे छोटे छोटे चित्रपट दाखवले त्यात एक माळ्याचा होता, मिनिटभराचाही नाही. माळी पाइपने झाडांना पाणी घालतोय, मागून एक पोरगा येतो आणि पाइपवर पाय ठेवतो, पाणी बंद. माळी पाइपच्या तोंडात डोकावून बघतो, पोरगा पाय उचलतो, पाणी तोंडावर. माळी त्याच्या मागे धावतो, पकडतो आणि कॅमेऱ्यासमोर परत ओढत आणून त्याला बदडतो. नेटवर सहज सापडेल, दहा वेळा बघा. फिल्म कॉमेडीचा पाया या एका शॉटमध्ये आहे: माळी आणि पोरगा दोघे एकाच फ्रेममध्ये आहेत, आपल्याला दोघे दिसतायत, माळ्याला पोरगा दिसत नाही. आणि माळ्याला विनोद करायचा नाहीये, त्याला झाडं शिंपायची आहेत.

आता हेच तुम्ही तुमच्या वाडीत करा. पोफळींना शिंपणं करायला पाइप असतोच, एक मोठा माणूस आणि एक पोरगा घ्या. तीन प्रकारे शूट करा. एकदा लांबून, दोघे एकाच फ्रेममध्ये, कट नाही. एकदा फक्त मोठा माणूस, पाणी तोंडावर उडाल्यानंतरच पोरगा दाखवा. आणि एकदा कट कट करून, पायाचा क्लोजअप, पाइपचा क्लोजअप, तोंडाचा क्लोजअप. तिन्ही वेगवेगळ्या माणसांना दाखवा, त्यांच्या बाजूला बसा आणि ते कधी हसतात ते बघा. पहिल्यात माणसं पाणी उडायच्या आधीच हसायला लागतात, तो डोकावतो तेव्हाच. दुसऱ्यात दचकतात. तिसऱ्यात सगळं कळतं पण हसू अर्धवट येतं कारण आपण बघतच नाही, आपल्याला कोणीतरी दाखवतंय असं वाटत राहतं. एका संध्याकाळचं काम आहे आणि कितीही पुस्तकं वाचलीत तरी हे असं अंगात भिनत नाही, म्हणून टाळू नका.

गोष्ट कशी बांधायची

आम्ही केलेल्या एका फिल्मचंच उदाहरण घेतो, सात मिनिटांची होती, म्हणजे मला प्रत्येक पायरी नीट सांगता येईल.

दोन भाऊ. गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. पण मूळ घर एक, गणपती एक, आणि शाळेतून गणपती आणायला घरात दोघेच पुरुष आहेत. (बाहेरच्यांसाठी, आपल्याकडे मूर्ती जिथे बनते त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात.) वाटेत व्हाळ म्हणजे ओढा, व्हाळावर साकव म्हणजे छोटा पूल, अरुंद, पावसाने शेवाळलेला. पाटावर शाडूची मूर्ती, एका बाजूला थोरला, एका बाजूला धाकटा. सोबत धाकट्याचा आठ वर्षांचा मुलगा, त्याच्यामार्फत दोघे बोलतात. 'तेका सांग.'

कल्पना सुचली की मी तिला काही प्रश्न विचारतो. काय हवंय? गणपती धक्का न लागता घरी न्यायचाय. सोडून का देत नाहीत? गणपती आहे, चिखलात ठेवणार कुठे, हात सोडता येत नाही. अडवतंय कोण? त्यांचंच नऊ वर्षांचं न बोलणं, कारण साकवावर दोघांनी पाऊल एकत्र टाकायचं तर बोलावं लागणार. हे तिसरं उत्तर महत्त्वाचं, अडचण बाहेरून आणलेली नको, त्याच माणसांच्या स्वभावातून यायला हवी. मधेच कुत्रा मागे लागला, पाय घसरला, हे कोणाच्याही बाबतीत होईल. बोलायचं नाही म्हणून पाऊल चुकतंय, हे फक्त या दोघांच्या बाबतीत होईल.

मग पायऱ्या चढवायच्या. पहिल्यांदा पोरगा निरोप बरोबर देतो, 'बाबा सांगतत आधी उजवो पाय टाका.' दुसऱ्यांदा थोरला चिडून म्हणतो, 'तेका सांग, डोळे फुटलेत काय?' आणि पोरगा एक क्षण दोघांकडे बघतो आणि सांगतो, 'काका सांगतत, जपून.' इथे खरी मजा सुरू होते, कारण धाकट्याला नऊ वर्षांत भावाकडून पहिला बरा शब्द मिळालाय, तो गोंधळतो, हळू चालायला लागतो, वर 'काकांका सांग, तुमीव जपा' असा उलटा निरोप पाठवतो, आणि आता थोरला गोंधळतो. सत्य फक्त आपल्याला आणि पोराला माहीत आहे. पाइपवरचा पाय बघा, तोच आहे.

तिसऱ्यांदा साकवाच्या बरोबर मधे थोरला हाक मारतो, 'तेका सांग...' आणि पोरगा नाहीच. तो खाली व्हाळात कुर्ली, म्हणजे खेकडा, पकडायला गेलाय. हे एकदम आणलं तर खोटं वाटेल, म्हणून पहिल्याच सीनमध्ये तो रिकामा डबा घेऊन निघतो आणि आई ओरडते, 'आज कुर्ल्ये नको हां.' पाच सेकंदांचं काम, पण ते आधी पेरून ठेवलं म्हणून साकवावर तो दिसला नाही की माणसांना लगेच कळतं कुठे गेला असेल, आणि त्यांना कळतं म्हणून ती हसतात. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की त्या पोराला पण काहीतरी हवं होतं. तो काही दोन भावांना बोलतं करायला आलेला देवदूत नाही, त्याला कुर्ली हवी होती.

आता दोघे मधे अडकलेत, हात थरथरतायत, निरोप्या नाही. खूप वेळ. मग थोरला: 'थांब.' धाकटा: 'थांबलंय.' नऊ वर्षांतलं पहिलं बोलणं एवढंच.

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये यानंतर पलीकडे जाऊन दोघे रडतात, गळ्यात पडतात असं होतं, जुनी आठवण काढतात, दीड पान. सगळं काढून टाकलं. ती दोघं अशी माणसंच नाहीत. पलीकडे पोचतात, उभे राहतात, श्वास टाकतात, पोरगा मागून डबा घेऊन धावत येतो आणि दोघांकडे बघत विचारतो, 'आता काय सांगू?' संपली फिल्म.

भांडण कशावरून झालं हे आम्ही एका शब्दानेही सांगितलं नाही. पहिल्या शॉटमध्ये मधे गडगा आहे आणि दोघे त्याच्या दोन बाजूंनी एकाच दिशेने चालतायत, एवढं पुरतं. आणि लिहिताना एक लक्षात ठेवा, स्क्रिप्टचं एक पान म्हणजे फिल्मचं एक मिनिट हा हिशोब बोलण्याच्या सीनला साधारण बसतो, अंगाने करायच्या विनोदाला नाही. 'दोघे साकव ओलांडतात' ही एक ओळ आमच्याकडे तीन मिनिटं चालली.

नट आणि वजन

राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेले हौशी नट आपल्याकडे गावोगाव आहेत, तयार असतात, पण त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते. त्यांना 'कमी कर' असं सांगू नका, माणूस आक्रसतो आणि मग काहीच करत नाही. 'मजेशीर कर' तर कधीच सांगू नका. त्याला हाताला काम द्या. आम्ही पाटावर वाळू भरलेली पितळी कळशी ठेवली आणि वरून कापड घातलं, नाहीतरी गणपती तोंडावर कापड टाकूनच आणतात, त्यामुळे खरी मूर्ती लागली नाही आणि कोणाच्या भावनेचा प्रश्न पण आला नाही. पण वजन खरं. थर्माकोल उचलून जड असल्याचं नाटक केलं असतं तर खांदे, मान, पाय सगळं खोटं बोललं असतं. खरं वजन आल्यावर ॲक्टिंग आपोआप गेली, दोघांचं लक्ष फक्त पाय कुठे टाकायचा याच्यावर, आणि ते बघायलाच माणसं बसली होती.

सराव अंगणात करा. साकवाच्या रुंदीच्या दोन रेघा मारा आणि त्यातून चाला. आम्ही दोन संध्याकाळी केला. लहान मुलाला मात्र सराव जास्त देऊ नका, निरोप काय द्यायचा तेवढं सांगा आणि नटांनी काय बोलायचं ते त्याच्यापासून लपवा, मग तो खरंच ऐकतो आणि खरंच विचार करतो.

शूटिंग पाण्यापाशी असेल तर व्हाळाला ओढ असताना करू नका. गुडघ्याएवढं पाणी होईपर्यंत आम्ही चार दिवस थांबलो, साकवाखाली दोन पोहणारी पोरं उभी केली, मुलाच्या बाजूला त्याचे वडील. पडून हसू येतं हे खरं, पण खरंच कोणी पडलं तर हसू येत नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा

लांब ठेवा, स्थिर ठेवा. साकवाचा पूर्ण सीन आम्ही पलीकडच्या काठावरून ट्रायपॉडवर काढला, दोघांचे पाय, मधला पाट आणि मागे येणारा पोरगा, सगळं एकाच फ्रेममध्ये. विनोद पायात होता, मग पाय कापून चेहरे दाखवून काय मिळणार. बस्टर कीटनची १९२८ ची 'स्टीमबोट बिल ज्युनियर' आहे, वादळात घराची आख्खी पुढची भिंत त्याच्या अंगावर पडते आणि तो उघड्या खिडकीच्या जागेत येऊन वाचतो. लांबून, एका शॉटमध्ये, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही नाही. तिथे कट असता तर आपण म्हटलं असतं, ठीक आहे, ट्रिक आहे. कट नाही म्हणून पोटात गोळा येतो आणि त्याच श्वासात हसू येतं.

क्लोजअप वाचवून ठेवा. आमच्या साकवाच्या सीनमध्ये एकच आहे, 'थांब' ऐकल्यावर धाकट्याचा चेहरा. तीन मिनिटं लांबून बघितल्यावर एकदम जवळ गेलो म्हणून त्या चेहऱ्याला वजन आलं. आधीच दहा क्लोजअप खर्च केले असते तर तो अकरावा झाला असता.

तांत्रिक पटकन सांगतो. मोबाईलचा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर लॉक करा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, घरातल्या ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमवर चित्र लुकलुकण्याची शक्यता असते. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि फोकस पण लॉक करा, नाहीतर ढग आला की फ्रेम उजळते आणि लक्ष तिकडे जातं. समुद्रावर शूट असेल तर भरतीचं वेळापत्रक आधी बघा, भरती साधारण साडेबारा तासांनी परत येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणजे आज दहाला जिथे उभे होतात तिथे उद्या दहाला पाणी तेवढंच नसणार, आणि वाळूवरचा विनोद मागच्या पाण्याच्या उड्या बघण्यात जाईल. रापणकरांना (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना), ट्रॉलरवाल्यांना घेऊन काही करायचं असेल तर मासेमारीच्या पावसाळी बंदीत सराव करा, तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात आणि माणसांकडे वेळ असतो.

आवाज

यात सगळ्यांच्या फिल्म मार खातात. ऐकू न आलेला विनोद कोणी परत विचारत नाही. व्हाळाच्या आवाजात आमचे निरोप काहीच कळत नव्हते, आणि पाणी तर बंद करता येत नाही. मग शूट संपल्या संपल्या त्याच नटांना त्याच कळशीसकट एका घराच्या पडवीत उभं केलं, हातात वजन धरूनच सगळी वाक्यं परत बोलायला लावली आणि जवळून रेकॉर्ड केली. वजन धरल्यामुळे श्वास तसाच तुटत होता. बसून बोलले असते तर लगेच कळलं असतं. व्हाळाचा नुसता आवाज पण दोन मिनिटं वेगळा घ्या, एडिटमध्ये खाली सलग पसरायला लागतो. वाऱ्यासाठी माइकला केसाळ कव्हर हवंच, किनाऱ्यावर त्याशिवाय नुसती घरघर येते.

आणि ते टुंई, फुस्स, ढॅण असे आवाज काढून टाका, हात जोडून सांगतो. तो आवाज प्रेक्षकाला सांगतो, आता हसा. सांगितलं की माणूस हसत नाही. आमच्या साकवाच्या सीनला संगीत नाही, पाणी आहे, लाकडाची करकर आहे, आणि लांब कुठल्यातरी घरात आरतीचा सराव चाललाय, झांजा ऐकू येतात.

एडिट आणि माणसांसमोर तपासणी

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, डाविंची रिझॉल्व्ह फुकट आहे, कॉम्प्युटर बरा असेल तर तेच शिका.

पहिला कट, म्हणजे फिल्मची पहिली जोडणी, झाला की बाकीच्या फिल्मवाल्यांना दाखवू नका, ते शॉट बघतात. शेजाऱ्यांना बोलवा, पंधरा-वीस माणसं, म्हातारी, पोरं, सगळी. एकटा माणूस मोबाईलवर बघताना मनात हसतो, हशा घोळक्यात फुटतो, त्यामुळे एकेकाला पाठवून काही कळणार नाही. दुसरा एक मोबाईल रेकॉर्डिंगला लावून पडद्याजवळ ठेवा आणि तुम्ही कडेला बसून पडदा न बघता माणसं बघा. कोण पुढे सरकलं, कोणी शेजाऱ्याला विचारलं 'काय म्हणालो रे?', कोणी मोबाईल काढला. नंतर ते रेकॉर्डिंग एडिटच्या टाइमलाइनवर फिल्मच्या खाली जुळवून लावा. हशा लाटेसारखा दिसतो, अगदी डोळ्यांनी दिसतो, कुठे उठला, किती चालला, कुठे तुमच्या पुढच्या वाक्याने त्याला मधेच मारला. कोणाला काही विचारायची गरज राहत नाही, विचारलं तर सगळे 'छान झाली' म्हणतात.

आमचं काय झालं सांगतो. 'काका सांगतत, जपून' या जागी मोठा हशा आला, मी धरला होता त्यापेक्षा मोठा, आणि धाकट्याचा 'तुमीव जपा' त्याच्यात पूर्ण बुडाला. आमच्या कटमध्ये दोन वाक्यांत दीड सेकंद होता. तो वाढवायचा, पण नुसतं रिकामं वाढवलं तर घरी एकट्याने बघणाऱ्याला कंटाळा येईल, म्हणून संकासुराचा पंचा आठवला, धाकट्याला काहीतरी करायला हवं. शूटमधल्या एका टेकमध्ये तो पाटावरची बोटं हळूच सरकवून पकड बदलतो, ते सापडलं. ते घातल्यावर सव्वातीन सेकंद झाले. हसणाऱ्याला हसायला जागा, न हसणाऱ्याला बघायला काम.

दुसरीकडे उलटं. पोरगा गायब झालाय हे कळण्याच्या जागी आम्ही व्हाळात वाकलेल्या पोराचा शॉट लावला होता, सगळ्यांना कळावं म्हणून. रेकॉर्डिंगमध्ये हशा त्या शॉटच्या आधी उठलेला, थोरला मागे वळतो तिथेच, आणि पोराच्या शॉटवर खाली बसलेला. म्हणजे तो शॉट माणसांना आधीच माहीत असलेलं परत सांगत होता. काढला. कुर्लीच्या मागे चार तास पाण्यात उभं राहून काढलेला शॉट होता, कॅमेरावाला मित्र दोन दिवस नीट बोलला नाही माझ्याशी.

मग 'थांब' आणि 'थांबलंय' यांच्यामधली जागा. यावर मी तीन आठवडे घालवले. आधी एक सेकंद होता, माणसं हसली. दोन सेकंद केला, जास्त हसली. चार केला तेव्हा वेगळंच झालं, 'थांब' वर कोणीच हसलं नाही, सगळी शांत, धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघत बसली, आणि 'थांबलंय' वर एकदम फुटली, आणि मागच्या बाकावर एक बाई डोळ्याला पदर लावून हसत होती. मग मी सहा फ्रेम कमी करून बघितल्या, परत सहा, परत जागेवर आणल्या. सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा पाव भाग पण नाही, तरी फरक पडत होता, एवढ्यात ती शांतता नीट भरत नव्हती. शेवटी ३ सेकंद २० फ्रेमवर ठेवली.

पाचव्या वेळी दाखवली तेव्हा ती तांदूळ पाखडणारी आजी पण आली होती. फिल्म संपल्यावर तिने एवढंच विचारलं, 'मगे कुर्ली गावली काय झिलाक?' आमच्या शेवटच्या शॉटमध्ये डबा बंद होता. दुसऱ्या दिवशी त्या पोराला आणि डब्याला परत साकवावर नेलं, झाकण अर्धं उघडं ठेवलं आणि आतून एक नांगी बाहेर आलेली दिसेल असा तोच शॉट पुन्हा घेतला.